एआरटीवर म्हातारपण गाठायचं तर

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतानाही काही माणसं दगावतात. बहुतेक वेळा दोष गोळीचा नसतो. माणूस उशिरा आलेला असतो, किंवा गोळी मध्येच सुटलेली असते, किंवा एचआयव्ही काबूत असताना टीबी, बीपी नाहीतर किडनीकडे कुणी पाहिलेलं नसतं. धोक्याच्या जागा अशा ठरलेल्या आहेत, म्हणून त्यांच्यावर आधीच नजर ठेवता येते. भारतात सरकारी एआरटी १ एप्रिल २००४पासून मोफत मिळते. २०१७पासून सीडीफोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा रक्तातला आकडा, कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू करायचे, असं धोरण आहे. तरीही अनेक जण सेंटरला पोचतात ते दोन-तीन महिने ताप आणि जुलाब अंगावर काढून, दहा-बारा किलो वजन घालवून. त्यामुळे या लेखात सर्वात जास्त जागा पहिल्या सहा महिन्यांना दिली आहे.

पहिल्या भेटीत: उशीर किती झालाय?

पहिल्याच दिवशी एक आकडा विचारून घ्या आणि हिरव्या पुस्तकात (सेंटरवर मिळणाऱ्या उपचाराच्या नोंदवहीत) लिहिलाय ना ते बघा: सीडीफोर किती? निरोगी माणसात तो साधारण ५०० ते १५०० असतो. २००च्या खाली गेला की आजार पुढच्या टप्प्यात गेला असं धरतात, मग माणूस शेतात काम करत का असेना. दिसण्यावर जाऊ नका. ६० सीडीफोर असलेला माणूस धडधाकट दिसू शकतो, आणि महिनाभरात अंथरुणाला खिळूही शकतो.

सीडीफोरसोबत हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीसाठी), लिव्हर, शुगर, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस या तपासण्या होतात. हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट लक्षात राहू द्या, त्याचं कारण पुढे येईल.

सीडीफोर २००च्या खाली असेल तर एवढ्यावर थांबायचं नाही. छातीचा एक्स-रे आणि थुंकीतला टीबी शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी करून घ्यायची. थुंकी पडत नसेल, माणूस फार आजारी असेल, तर लघवीतून टीबी शोधणारी लॅम नावाची पट्टी असते. ती उपलब्ध आहे का ते विचारा. दुसरी तपासणी क्रिप्टोकॉकस या बुरशीची, रक्तावरची. मेंदूच्या आवरणाला सूज येऊन डोकं फुटल्यासारखं दुखायला लागण्याच्या कित्येक आठवडे आधी ही बुरशी रक्तात सापडते. तेव्हाच सापडली तर औषध देऊन मेंदूज्वर टाळता येतो. तपासणी झाली नाही आणि एआरटी घाईने सुरू झाली, तर पंधरा दिवसांत माणूस बेशुद्ध होऊन कॅज्युअल्टीत येऊ शकतो आणि घरचे म्हणतात, गोळ्यांनीच घात केला.

मेंदूत बुरशी किंवा टीबी असेल तर एआरटी मुद्दाम काही आठवडे थांबवतात. क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वरात चार ते सहा आठवडे, मेंदूच्या टीबीत किमान चार आठवडे. हा निष्काळजीपणा नसतो. एरवी मात्र निदान झाल्यापासून आठवडाभरात, जमलं तर त्याच दिवशी गोळ्या सुरू झालेल्या बऱ्या.

सेप्ट्रानची गोळी हलक्यात घेऊ नका

सीडीफोर ३५०च्या खाली असेल तर रोज एक कोट्रिमोक्साझोल देतात. लोक तिला सेप्ट्रान म्हणतात. डबल स्ट्रेंग्थची, म्हणजे ८००/१६० मिलिग्रॅमची गोळी. मोठी असते, घशात अडकते, म्हणून लोक पहिल्यांदा हीच सोडतात. पण एक प्रकारचा न्यूमोनिया, मेंदूतला टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग आणि काही जुलाब ती अडवते, म्हणजे एआरटीला काम करायला जो वेळ लागतो तेवढा वेळ ती मिळवून देते. हवं तर दोन तुकडे करून घ्या. बंद करायची ती सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा सीडीफोर ३५०च्या वर आल्यावर, तीही डॉक्टरांनी सांगितल्यावर. अंगावर पुरळ आलं तर गोळी थांबवून सेंटरला जा, पर्यायी औषध आहे. पुरळासोबत ताप असेल, तोंडात फोड किंवा डोळे लाल झाले असतील तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात जा.

अशा प्रतिबंधक औषधांनी किती फरक पडतो? युगांडा, झिम्बाब्वे, मलावी आणि केनियात सीडीफोर १००च्या खाली असलेल्या १८०५ जणांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७मध्ये आले. सगळ्यांना एआरटी दिली होती. एका गटाला जोडीला टीबी, बुरशी आणि जंतांची प्रतिबंधक औषधंही सुरुवातीपासून दिली. २४ आठवड्यांत साध्या गटातले १२.२ टक्के दगावले, दुसऱ्या गटातले ८.९ टक्के. या जोडीच्या गोळ्या स्वस्त आहेत, साध्या आहेत, आणि तरी दुर्लक्षित आहेत.

टीबी: सगळ्यात मोठा शत्रू

आपल्याकडे एचआयव्ही असलेल्या माणसाचा जीव सर्वात जास्त टीबी घेतो. प्रत्येक भेटीत चार प्रश्न विचारले जातात: खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलं का, रात्री घाम येतो का. एरवी दोन आठवड्यांचा खोकला धरतात. इथे एक दिवसाचा खोकलाही सांगायचा. रांग मोठी असते, मागचा माणूस ढकलत असतो, आणि लोक चारही प्रश्नांना 'नाही' म्हणून मोकळे होतात. असं करू नका. सीडीफोर खूप कमी असताना एक्स-रे स्वच्छ दिसतो, थुंकीत जंतू सापडत नाहीत आणि टीबी पोटात किंवा मानेच्या गाठीत बसलेला असतो. म्हणून काखेत, मानेत गाठ असेल, पोट फुगत असेल, तर तेही आपणहून सांगा.

चारही उत्तरं खरोखर 'नाही' असतील तर टीबी होऊ नये म्हणून औषध देतात. सर्रास दिला जातो तो आयसोनियाझिड ३०० मिलिग्रॅमचा रोज एक गोळी असा सहा महिन्यांचा कोर्स, सोबत बी-६ जीवनसत्त्व. बी-६ सुटलं की तळपायाला मुंग्या आणि जळजळ सुरू होऊ शकते. डोळे पिवळे झाले, भूक मेली, लघवी गडद झाली तर हा कोर्स थांबवून लगेच दाखवा.

टीबी निघालाच तर आधी टीबीच्या गोळ्या, आणि त्या अंगाला लागल्या की साधारण दोन आठवड्यांत एआरटी. दोन्ही औषधं एआरटी सेंटरच्या एकाच खिडकीवर मिळण्याची सोय आहे, ती मागून घ्या. टीबीच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन शरीरातलं डोल्युटेग्राविर हे एआरटीचं औषध भराभर संपवतं. म्हणून टीएलडीची (डोल्युटेग्राविर असलेली एआरटीची) रोजची गोळी तशीच ठेवून तिच्यानंतर १२ तासांनी डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅमची वेगळी एक गोळी घ्यावी लागते. रात्री ९ला टीएलडी घेत असाल तर सकाळी ९ला ही. टीबीचा कोर्स संपल्यावरही ती आणखी दोन आठवडे चालू ठेवायची, कारण रिफॅम्पिसिनचा परिणाम लगेच ओसरत नाही. चुका इथे दोन होतात. टीबीचं औषध खासगीत सुरू होतं आणि एआरटी सेंटरला पत्ताच नसतो, म्हणून जादा गोळी लिहिलीच जात नाही. किंवा टीबीचा शेवटचा डोस घेतला त्याच दिवशी आनंदाच्या भरात ही गोळीही बंद होते. टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून दरमहा १,००० रुपये खात्यात मिळतात. नोंदणी करताना बँक पासबुक न्या.

'गोळ्या सुरू केल्या आणि जास्तच आजारी पडलो'

ही तक्रार खरी असते. गोळ्या सुरू झाल्यावर विषाणू दबतो, झोपलेली प्रतिकारशक्ती जागी होते आणि शरीरात लपून बसलेल्या टीबीवर किंवा बुरशीवर एकदम तुटून पडते. मग ताप चढतो, गाठी सुजतात, कधी पिकतात, धाप लागते. हे बहुतेक दुसऱ्या ते बाराव्या आठवड्यादरम्यान होतं, आणि सीडीफोर जितका कमी तितकी शक्यता जास्त. उपाय गोळ्या बंद करणं नव्हे. सेंटरला जाऊन काय लपलंय ते शोधून त्याचं औषध सुरू करणं, आणि काही वेळा डॉक्टर थोडे दिवस स्टेरॉइड देतात. याच काळात गावातला कुणीतरी 'गरम पडल्या गोळ्या, थोडे दिवस थांबव' असा सल्ला देतो. तो ऐकू नका.

काही लक्षणांना मात्र त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावं लागतं: आधाराशिवाय चालता न येणं, मिनिटाला ३०हून जास्त श्वास, १२०हून जास्त नाडी, १०२ फॅरेनहाइटच्या वर ताप, उलट्यांसह न थांबणारी डोकेदुखी, भ्रम, झटके. श्वास मोजायचा तर पेशंट निवांत बसलेला असताना पूर्ण मिनिटभर छातीकडे बघून मोजा. अर्ध्या मिनिटाचे दुप्पट करू नका. जाताना हिरवं पुस्तक आणि गोळ्यांची बाटली बरोबर न्या.

रोजची गोळी

सध्या बहुतेक मोठ्यांना टीएलडी मिळते: टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा. जेवणाआधी, जेवणानंतर, उपाशीपोटी, कशीही चालते. त्यामुळे एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार किंवा रोजा हे गोळी चुकवण्याचं कारण होऊ शकत नाही. रोज्यात इफ्तारची वेळ ठरवून टाका. निर्जळी उपास करणाऱ्यांनी गोळीची वेळ उपास सुटण्याच्या वेळेवर आणून ठेवावी.

वेळ कोणती? जी तुमच्या दिवसात आपोआप येते ती. चहा, टीव्हीवरच्या बातम्या, मुलांना झोपवणं, अशा कशाला तरी ती बांधा. मोबाइलचा गजर ठीक आहे, पण गजर बंद करून 'घेतो नंतर' म्हणणं ही गोळी चुकण्याची सर्वात साधी वाट आहे. गोळी हातात घेतल्यावरच गजर बंद करायचा. डोल्युटेग्राविरने काहींची झोप उडते, त्यांनी सकाळची वेळ धरावी.

विसरलात आणि पुढच्या गोळीला १२ तासांहून जास्त अवकाश असेल तर आठवण झाल्याक्षणी घ्या. त्याहून कमी वेळ उरला असेल तर ती सोडून पुढची वेळेवर घ्या. दोन एकदम घेऊ नका. गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर दुसरी घ्या.

सेंटरवर गोळ्या मोजतात त्यामागचा हिशोब साधा आहे. ३० पैकी एक चुकली तर ९७ टक्के, दोन चुकल्या तर ९३, आणि ठेवायचे असतात ९५च्या वर. टीएलडी जुन्या औषधांपेक्षा चूक पोटात घालणारी आहे हे खरं. तरी सलग चार-पाच दिवसांची गॅप वेगळी आणि महिन्यात सुटी सुटी चुकलेली एखादी गोळी वेगळी. सलग गॅपमध्ये औषध रक्तातून ओसरतं आणि विषाणू पुन्हा वाढायला लागतो. उरलेल्या गोळ्या लपवून, मोकळी बाटली दाखवून मोजणी जुळवता येते, पण वर्षाच्या शेवटी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, तपासलं की खरं कळतंच. मोजणारी व्यक्ती रागावते म्हणून खोटं सांगावंसं वाटत असेल तर समुपदेशकाला एकट्याला गाठून खरा आकडा सांगा.

दारूबद्दल स्पष्ट बोलायला हवं. दारू वाईट आहे, लिव्हरला आणि गोळीच्या वेळेला दोन्हींना. पण 'आज प्यायलोय, मग गोळी नको' हा हिशोब दारूपेक्षा जास्त नुकसान करतो. प्यायला असाल तरी गोळी घ्या. पिण्याची वेळ संध्याकाळची असेल तर गोळीची वेळ सकाळची करून टाका.

नवरा-बायको दोघंही गोळ्यांवर असतील तर एकाच्या संपल्यावर दुसऱ्याच्या वाटून घेण्याचा मोह होतो. त्यातून दोघांचाही महिना अपुरा पडतो, आणि दोघांची औषधं सारखीच असतील असंही नाही. संपण्याआधी सेंटरला जाणं हाच मार्ग.

बाटलीतली ती छोटी पुडी किंवा डबी ओल शोषून घेण्यासाठी असते. ती फेकू नका, आणि खाऊही नका. गोळ्या मूळ बाटलीतच ठेवा, झाकण घट्ट, चुलीपासून आणि पत्र्याच्या छपराखालच्या फळीपासून दूर. घरात कुणाला कळू नये म्हणून लेबल फाडायचं असेल तर आधी गोळीचं नाव आणि एक्स्पायरी वहीत लिहून घ्या. प्रवासात बाटलीचा खुळखुळाट नको असेल तर वर कापूस भरा, किंवा आठवडाभराच्या गोळ्या डबीत काढून न्या.

गोळीबरोबर काय चालत नाही

कॅल्शियम, लोह, झिंक आणि अॅसिडिटीची अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवाली पातळ औषधं डोल्युटेग्राविरला पोटातच चिकटतात आणि ते रक्तात पोचू देत नाहीत. टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. गरोदर बाईला लोह-कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात आणि ती सगळ्या गोळ्या एकदमच तोंडात टाकते; लोड न उतरण्याचं हे एक नेहमीचं, सहज सुटणारं कारण. लोह आणि कॅल्शियम भरल्या जेवणासोबत घेतलं तर टीएलडीबरोबर चालतं, अॅसिडिटीचं औषध मात्र तेव्हाही नाही.

मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण डोल्युटेग्राविरमुळे वाढतं, त्यामुळे दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या वर सहसा जात नाहीत. फिटच्या कार्बामाझेपिन, फेनिटोइन, फेनोबार्बिटोन या गोळ्या उलट एआरटीचं प्रमाण पाडतात. फिटचं औषध लिहिणाऱ्या डॉक्टरला एचआयव्ही सांगायचा नसेल तरी 'मी डोल्युटेग्राविर घेतो' एवढं तरी सांगा.

टेनोफोविरचा भार किडनीवर पडतो. त्यावर अंगदुखीला दर आठवड्याला डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन किंवा गोळी घेत राहिलात तर किडनी लवकर थकते. कणकण असेल, अंग दुखत असेल तर पॅरासिटामॉल. किडनीची तपासणी सुरुवातीला आणि नंतर ठरावीक अंतराने होते. डोल्युटेग्राविर सुरू झाल्यावर क्रिएटिनिन किंचित वाढलेलं दिसतं, किडनी बिघडली नसतानाही. तेवढ्यावरून घाबरू नका, पण वाढत चाललं असेल तर टेनोफोविरऐवजी अबाकाविर देतात. अबाकाविर सुरू झाल्यावर पहिल्या सहा आठवड्यांत ताप, पुरळ, उलट्या, धाप असं एकत्र झालं तर ती गोळी त्याच दिवशी सेंटरला दाखवा. डॉक्टरांनी त्या कारणाने ती एकदा बंद केली, तर आयुष्यात पुन्हा कधीच घ्यायची नाही. दुसऱ्यांदा जिवावर बेतू शकतं.

ज्यांची लाइन, म्हणजे औषधांचा संच, बदलली आहे, म्हणजे ज्यांच्या गोळ्यांत रिटोनाविर आहे, त्यांच्यासाठी यादी कडक आहे: अर्धशिशीवरची एर्गोटामिनवाली गोळी, दम्याच्या काही पंपांतलं आणि सांध्यातल्या इंजेक्शनमधलं स्टेरॉइड, सिम्वास्टॅटिन, लैंगिक ताकदीच्या गोळ्या, यांतलं काहीही विचारल्याशिवाय नको. याच लाइनमधल्या अटाझानाविर या औषधाने डोळे पिवळसर दिसतात. ती बहुतेक वेळा कावीळ नसते, तरी एकदा रक्त तपासून खात्री करायची. अटाझानाविरवर असताना पँटोप्राझोल, ओमेप्राझोल मनाने घेऊ नका.

हिपॅटायटिस बीबद्दल आधी म्हटलं त्याचं कारण असं: टीएलडीतली दोन औषधं त्यावरही काम करतात. म्हणून दोन्ही असलेल्या माणसाने गोळ्या एकदम थांबवल्या तर लिव्हरचा आजार उसळून येतो, कधी लिव्हर निकामी होण्यापर्यंत.

लोड आणि काउंट

व्हायरल लोडची तपासणी गोळ्या सुरू झाल्यावर सहाव्या महिन्यात, मग बाराव्या महिन्यात, पुढे वर्षातून एकदा. ही तारीख स्वतः लक्षात ठेवा, कारण यंत्रणेच्या गर्दीत ती हुकते. लोड १,०००च्या वर आला तर लगेच औषध बदलत नाहीत. तीन महिने गोळ्या नीट घ्यायला लावून पुन्हा तपासतात, कारण टीएलडीवर लोड चढण्याचं कारण बहुतेक वेळा गोळी न घेणं हेच असतं. या तीन महिन्यांत खरं बोलाल तर पुढची अवघड लाइन टळू शकते.

सीडीफोर दोनदा ३५०च्या वर आला आणि लोड दबलेला असला की सीडीफोर तपासणं थांबवतात. 'आता आमचा काउंटच करत नाहीत' अशी तक्रार ऐकू येते. ती चांगली खूण आहे. सीडीफोर ४० असताना सुरुवात केली असेल तर लोड दबूनही काउंट वर यायला वर्षं लागू शकतात. तोवर सेप्ट्रान चालू ठेवायची, एवढाच त्याचा अर्थ.

लोड 'दिसत नाही' असा असेल तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे सिद्ध करण्यात मोठा वाटा असलेल्या एचपीटीएन ०५२ या अभ्यासात पुण्यातली जोडपीही होती. पण लोड दिसत नाही म्हणजे आजार गेला असं नव्हे. गोळ्या थांबवल्या की काही आठवड्यांत तो परत दिसतो. काउंट चांगला आहे म्हणून मध्ये मध्ये सुट्टी घेऊन बघण्याचा प्रयोग स्मार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात झाला आणि २००६मध्ये थांबवावा लागला, कारण सुट्टीवाल्यांमध्ये मृत्यू आणि आजार जास्त होते.

गोळी का सुटते

माणसं कंटाळून कमी आणि अडचणीने जास्त सुटतात. बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीला गेलेलं कुटुंब दिवाळीनंतर निघतं आणि परततं ते उन्हाळ्याच्या तोंडावर. मधले पाच-सहा महिने फडावर, कधी कर्नाटकात. निघण्याच्या महिनाभर आधी सेंटरला सांगा. लोड दबलेल्या रुग्णाला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. बाकीचे महिने, कारखाना ज्या तालुक्यात आहे तिथल्या जवळच्या एआरटी सेंटरवर किंवा त्याला जोडलेल्या छोट्या लिंक सेंटरवर हिरवं पुस्तक दाखवून घेता येतात. कायमचं गाव बदलणार असाल तर रीतसर ट्रान्सफर घ्या. नुसतं जायचं बंद केलंत तर जुन्या सेंटरच्या नोंदीत तुम्ही बेपत्ता, आणि नव्या सेंटरमध्ये तुमचा इतिहास नाही.

घरात किमान सात दिवसांच्या गोळ्या वेगळ्या काढून ठेवा. पूर, संप, घरातलं मरण, काहीही होऊ शकतं. दर महिन्याला त्या वापरून नव्या भरा, म्हणजे जुन्या होणार नाहीत. बसभाड्याचा प्रश्न असेल तर एसटीत एचआयव्ही असलेल्यांसाठी सवलत आहे, आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेतही त्यांचा समावेश आहे. कागदपत्रांसाठी समुपदेशकाची मदत घ्या. तहसीलच्या चकरा वाचत नाहीत, पण निदान अर्ज अपुरा म्हणून परत येत नाही.

एड्स मुळापासून बरा करतो म्हणणारे आजही आहेत. भारतात औषधाबद्दल असा दावा करायला कायद्याने बंदी आहे. काढा, भस्म, अंगारा, प्रार्थना यांपैकी कशावर श्रद्धा असेल तर ती तुमची. पण कुणी एआरटी बंद करायला सांगितलं की तिथून उठा. भस्मातल्या धातूंचा किडनीवर होणारा परिणाम वेगळाच.

सहा महिने, वर्ष गोळ्या सुटल्या असतील तर परत जा. ओरडा बसेल म्हणून न जाणारा माणूस पुन्हा येतो तो थेट स्ट्रेचरवरून. परतल्यावर आपणहून सांगा: पुन्हा सीडीफोर करा, टीबी तपासा. परत आलेला रुग्ण जुना वाटतो म्हणून या तपासण्या राहून जातात, आणि धोका मात्र नव्या रुग्णाइतकाच असतो.

दहा वर्षांनंतर

युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांचा अंदाज २०१७मध्ये आला: २००८नंतर विशीत एआरटी सुरू केलेला, पहिलं वर्ष धड पार पडलेला माणूस सरासरी ७८ वर्षं जगू शकतो. आपल्याकडचं गणित वेगळं असेल, पण दिशा तीच. या टप्प्यावर जीव जातो तो हृदयविकाराने, पक्षाघाताने, किडनीने, लिव्हरने, कॅन्सरने. एचआयव्हीमुळे शरीरात जी मंद सूज राहते तिच्यामुळे हे आजार काहीसे लवकर गाठतात.

मग काय करायचं? तंबाखू आणि मिश्री सोडणं सगळ्यात वर. लोड दबलेल्या माणसाचं आयुष्य तंबाखू एचआयव्हीपेक्षा जास्त कापते. दर भेटीला वजन आणि बीपी, वर्षातून एकदा शुगर, कोलेस्टेरॉल आणि लघवी. डोल्युटेग्राविरवर वजन वाढतं, बायकांचं जास्त. पोटाचा घेर वाढला की तब्येत सुधारली असं आपल्याकडे समजतात, पण पहिले काही किलो सोडले तर ते खरं नाही. चाळिशीनंतर स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीबद्दल विचारा. रिप्रीव्ह या अभ्यासात ४० ते ७५ वयाच्या ७,७६९ जणांत रोजच्या पिटाव्हास्टॅटिनने हृदयाचे मोठे झटके आणि तत्सम घटना सुमारे ३५ टक्के घटल्या होत्या.

बायकांनी वयाच्या पंचविशीपासून दर तीन ते पाच वर्षांनी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्यावी. एचआयव्ही असलेल्या बाईला हा कॅन्सर होण्याचा धोका सुमारे सहापट असतो, आणि तपासणीला पाच-दहा मिनिटं लागतात. एआरटी सेंटरमध्ये कुणी आपणहून सांगेलच असं नाही. स्त्रीरोग विभागात जाऊन मागा.

झोप न लागणं, कशातच मन न लागणं, जगण्याचा वीट येणं, हेही डॉक्टरांना सांगायचं. नैराश्यातला माणूस सगळ्यात आधी गोळी सोडतो.

दवाखान्यात कुणी हात लावायला नकार दिला, नोकरीवरून काढलं, परवानगीशिवाय आजार जाहीर केला, तर २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने दाद मागता येते. राज्यात त्यासाठी लोकपाल नेमण्याची तरतूद आहे. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे. आणि घरातल्या किमान एका माणसाला हिरवं पुस्तक कुठे ठेवलंय ते माहीत असू द्या. तुम्ही बेशुद्ध असाल तेव्हा कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला गोळीचं नाव सांगणारं दुसरं कुणी नसतं.